‘मॅडम, साधं की पॉवर?’

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, शाळेत शिकवते. आमची २०१९ची पेट्रोल हॅचबॅक आहे. साधं इंजिन, टर्बो नाही. महिन्याला नऊशेच्या आसपास किलोमीटर होतात : शाळा, बाजार आणि महिन्यातून एकदा वणी-नांदुरीवरून कळवणला माहेरी. पंपावरचा मुलगा दरवेळी विचारतो, ‘मॅडम, साधं की पॉवर?’ आणि मी दरवेळी गोंधळते. साधं १०५च्या घरात, प्रीमियम त्याहून आठ रुपये महाग. माझे सासरे, म्हणजे अण्णा, मायकोतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, इंजिनाच्या पोटात चांगलंच घालावं. दिरांनी नवीन टर्बो गाडी घेतलीय, ते प्रीमियमशिवाय काही टाकत नाहीत. कॅलिफोर्नियातला भाऊ म्हणतो, ‘आमच्याकडे ९१ ऑक्टेन म्हणजे प्रीमियम, तुमच्याकडे साधंच ९१ आहे, मग आणखी पैसे कशाला घालवता?’ त्यात आमच्या गाडीचं ॲव्हरेज सतरावरून सोळाच्या खाली आलंय. प्रीमियम टाकलं तर ते परत येईल का? सप्तशृंगी गडावर चढताना इंजिन खडखडतं, ते थांबेल का? आणि एकदम पेट्रोल बदललं तर गाडीला काही होणार नाही ना?

उत्तर : ताई, साधंच टाका. पण तुमच्या घरात तीन माणसांची तीन मतं आहेत. त्या तिघांपुढे मांडता येईल असं काहीतरी हातात असल्याशिवाय तुम्हाला पंपावर ठामपणे ‘साधं’ म्हणता येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी खाली जाऊन गाडीच्या पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. आतल्या बाजूला बहुतेक गाड्यांवर स्टिकर असतो. नसेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसुद्धा न काढलेलं मॅन्युअल पडलेलं असेल, त्यात बघा. या इंजिनाला किमान किती ऑक्टेनचं पेट्रोल लागतं ते तिथे लिहिलेलं असतं. तुमच्यासारख्या बिनटर्बो हॅचबॅकला तिथे बहुधा ९१ किंवा नुसतं ‘अनलेडेड पेट्रोल’ एवढंच दिसेल. ते इंजिन बनवणाऱ्याचं म्हणणं आहे. त्यापुढे पंपावरचा मुलगा, तुमचे दीर आणि हे सदर लिहिणारा मी, तिघांचाही शब्द दुय्यम.

आता ऑक्टेनचं प्रकरण. महागड्या पेट्रोलात ‘ताकद’ जास्त असते, हा समज त्या पेट्रोलांच्या नावांनीच पसरवला. पॉवर, स्पीड, एक्स्ट्राप्रीमियम : नोझल टाकीत घालायच्या आधीच गाडी पळू लागेल अशी नावं. पण ऑक्टेनचा आकडा पेट्रोलमध्ये ऊर्जा किती, हे सांगतच नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना आपणहून न पेटता ते कुठवर तग धरतं, एवढंच तो सांगतो.

सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळून येतं, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाळ एका बाजूने पसरत जाते. हे क्रमाने झालं की पिस्टनला खाली एकसारखा रेटा मिळतो. कधी कधी मात्र ज्वाळ पोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच भडकतं. मग दाबाच्या लाटा पिस्टनवर आणि सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. गॅरेजमध्ये याला नॉकिंग म्हणतात. कानाला तो बारीक, धातूचा खणखणाट वाटतो. महिनोन् महिने तसंच चालवलं तर पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट यांची वाट लागते. इंजिन मिश्रणाला जितकं जास्त दाबणार, किंवा टर्बो जितकी जास्त हवा कोंबणार, तितकी ही धास्ती मोठी. म्हणून तशा इंजिनांना जास्त ऑक्टेन लागतं.

तुमच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे ते मिश्रणाला किती पट दाबणार ते, ठरवताना बनवणाऱ्याने भारतातलं साधं पेट्रोलच समोर ठेवलं होतं. शिवाय आजच्या बहुतेक इंजिनांवर नॉक सेन्सर बसवलेला असतो. नॉकिंगची सुरुवात झाली की तो कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठिणगीची वेळ थोडी मागे घेतो. त्यात इंजिनाची थोडीशी ताकद जाते. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून मिळतं ते एवढंच : ही गेलेली ताकद परत. मुळात नॉकिंग होतच नसेल तर परत मिळण्यासारखं काही उरत नाही. पाऊस नसताना महागातली छत्री उघडली म्हणून आपण जास्त कोरडे होत नाही, तसं.

नाशिककरांच्या बाजूची एक बारीकशी गोष्ट आहे. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास राहतो. इथली हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ, म्हणून बिनटर्बो इंजिनात दर फेरीला हवा थोडी कमी भरते, दाबही थोडा कमी होतो आणि नॉकिंगची शक्यताही. फरक मोठा नाही, पण जो आहे तो तुमच्या फायद्याचा आहे. मुंबईच्या मे महिन्यात जी गाडी साध्या पेट्रोलवर कुरकुर न करता चालते, तिला इंदिरानगरमध्ये प्रीमियम कशाला हवं?

मग गडावरचा खडखडाट कुठून आला? तुम्ही चढाला कोणत्या गिअरमध्ये असता ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज सांगतो. गाडीत चार-पाच माणसं, एसी चालू, तिसरा गिअर, वेग पंचवीस-तीसवर उतरलेला आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला. नॉकिंगला याहून सोयीची परिस्थिती नाही. इंजिन हळू फिरतंय आणि भार मात्र पूर्ण. पुढच्या वेळी वळणाच्या आधीच दुसरा टाका, इंजिनाला जरा मोकळं फिरू द्या, आवाज वाढला तरी घाबरू नका. खूपच चढ असेल तिथे एसी थोडा वेळ बंद. एवढ्याने खडखडाट थांबला तर प्रश्न गिअरचा होता. दुसऱ्यातही सपाटीला, हलक्या गाडीत तोच आवाज येत असेल तर प्लग, इंजिनात साचलेला कार्बन, कूलंट आणि नॉक सेन्सर तपासून घ्या. आवाज इंजिनाचा आहे की सायलेन्सरच्या सैल पत्र्याचा, हेही मेकॅनिकला विचारा. अर्ध्या ‘नॉकिंग’च्या तक्रारी शेवटी पत्र्यावर येऊन थांबतात. आजार दुसराच असेल तर महागडं पेट्रोल तो फक्त काही दिवस झाकून ठेवतं.

आता अण्णा. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, कारण त्यांचा अनुभव खरा आहे. फक्त तो दुसऱ्या इंधनाचा आहे. मायकोत, आजच्या बॉशमध्ये, सातपूरला बनतात ते डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर. डिझेल इंजिनात प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं, आणि ते लवकर पेटावं हीच तिथली अपेक्षा. म्हणून डिझेलचा दर्जा सीटेन नावाच्या आकड्याने मोजतात. तो जितका जास्त तितकं डिझेल चटकन पेटणारं. पेट्रोलचं बरोबर उलट. ऑक्टेन जास्त म्हणजे पेटायला जास्त नाखूष. ज्यांनी उमेदीची सगळी वर्षं मायक्रॉनच्या हिशोबात नोझल घासले, त्यांना इंधनातला कचरा आणि दर्जा यांची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. स्वच्छ इंधनाबद्दल ते बरोबर आहेत. महाग म्हणजे स्वच्छ, एवढंच जुळत नाही.

त्यांच्या पिढीच्या मनात आणखी एक गोष्ट असते. एकेकाळी आपल्याकडे ८७ आणि ९३ अशी दोन ऑक्टेनची पेट्रोलं मिळायची, आणि ऑक्टेन वाढवायला त्यात शिसं घातलेलं असायचं. फियाट-अँबॅसेडरच्या काळात प्लग काळे होणं, कार्ब्युरेटर उघडून साफ करणं हे नेहमीचंच, आणि नॉक सेन्सरचं तर नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. तेव्हा ‘त्या पंपावरचं चांगलं असतं’ या बोलण्याला अर्थ होता. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन आलं, गंधकाची मर्यादा दहा लाखांत दहा भागांवर आली. आज तुम्ही ज्याला ‘साधं’ म्हणता ते पेट्रोल अण्णांच्या तरुणपणी महागातही मिळालं नसतं. हे त्यांना सांगून बघा, त्यांना आवडेल.

भावाचं म्हणणं मजेशीर आहे, कारण निष्कर्ष बरोबर आणि कारण चूक. तिकडच्या पंपावरचं ९१ आणि आपलं ९१ एक नाही. ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत चाचणीचं इंजिन सावकाश आणि सौम्य परिस्थितीत चालवतात, तिचा आकडा म्हणजे आर.ओ.एन. दुसरीत वेग आणि उष्णता जास्त, तिचा आकडा एम.ओ.एन., आणि तो नेहमी कमी येतो. भारतात, युरोपात पहिलाच आकडा सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी पंपावर लिहितात. त्यामुळे त्यांचं ८७ हे साधारण आपल्या ९१च्या जोडीचं, आणि भावाचं ९१ आपल्या मापाने ९५-९६च्या आसपास. थोडक्यात, तिथलं साधं ते आपलं साधं, तिथलं प्रीमियम ते आपलं प्रीमियम. भाऊसाहेबांना आणखी एक सांगा. त्यांच्याच देशातलं फेडरल ट्रेड कमिशन ग्राहकांना वर्षानुवर्षं हेच सांगतंय : मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याहून जास्त ऑक्टेन भरून गाडी ना चांगली चालते, ना जास्त मायलेज देते.

आता आपल्या पंपावरची ताजी परिस्थिती, जी तुमच्या तिन्ही सल्लागारांच्या नजरेतून सुटलीय. आज साध्या नोझलमधून येतं ते नुसतं पेट्रोल नसतं, त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. हेच ते ई-२०. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर सर्रास झालं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर आहे, त्यामुळे मिश्रणाचंही वाढतं. पेट्रोलियम मंत्रालयाच्या म्हणण्यानुसार साधं पेट्रोल पूर्वी ८८ ऑक्टेनचं होतं, बीएस-६ सोबत ९१ झालं आणि ई-२० मुळे आता ९५च्या पातळीला पोचलंय. म्हणजे ज्या ९५ आकड्यासाठी तुम्हाला आठ रुपये जास्त द्यायला सांगतात, त्याच्या जवळपास तुम्ही साध्या नोझलवर आधीच उभ्या आहात!

तुमचं ॲव्हरेज घसरण्याचं एक कारण मात्र हेच इथेनॉल आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ऑक्टेन वाढतं, ऊर्जा घटते; दोन्ही एकाच वेळी. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रालयानेच खुलासा केला होता की ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० ला जुळवून घेतलेल्या चारचाकींत मायलेज १ ते २ टक्के आणि बाकीच्यांत ३ ते ६ टक्के घटू शकतं. तुमची २०१९ची गाडी दुसऱ्या गटात धरा. सतराचे सहा टक्के म्हणजे एक किलोमीटर. तुमची तक्रार जवळजवळ तेवढीच आहे.

हे इथेनॉल येतं कुठून? उसाची मळी, उसाचा रस आणि अलीकडे फार मोठ्या प्रमाणावर मका. तुमच्या माहेरच्या शिवारात मका असेल तर मायलेजच्या रूपाने तुम्ही जे गमावताय त्यातलं थोडंफार कळवणमध्येच कुणाला तरी मिळत असेल. हा विनोद झाला, पण यात धोरण काय आहे ते कळायला पुरेसा आहे.

आता महत्त्वाचं : प्रीमियम म्हणजे बिनइथेनॉलचं, असं बऱ्याच लोकांनी डोक्यात घेतलंय. ९५ ऑक्टेनचं प्रीमियमही इथेनॉल मिसळलेलंच असतं. त्यामुळे इथेनॉलने नेलेलं ॲव्हरेज तुम्हाला आठ रुपये देऊन परत मिळणार नाही. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल हा वेगळा प्रकार, तो २०२० च्या डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने एक्सपी-१०० नावाने आणला. लिटरला दीडशेच्या पुढे भाव, मोजक्या पंपांवर मिळतं, आणि ज्यांच्या इंजिनाला ते लागतं त्यांना हा लेख वाचायची गरज पडत नाही.

हिशोबही करून टाकू. १०५ वर आठ रुपये म्हणजे साडेसात टक्के जास्त. ते वसूल व्हायला ॲव्हरेजही साडेसात टक्के वाढायला हवं, म्हणजे सोळाचं सव्वासतरा. तुमच्या इंजिनात तसं होण्याचं काहीच कारण नाही. महिन्याला नऊशे किलोमीटरला छप्पन लिटर धरा, त्याचे साडेचारशे रुपये जास्त, वर्षाचे पाच हजार चारशे. त्यातला काही भाग तर पेट्रोललाही जात नाही. राज्याचा व्हॅट टक्केवारीत असल्याने मूळ भाव वाढला की करही वाढतो, आणि ब्रँडेड पेट्रोलचं केंद्रीय उत्पादन शुल्क साध्यापेक्षा जास्त ठेवलेलं आहे. या पाच हजारांत वेळच्या वेळी इंजिन ऑइल, एअर फिल्टर आणि प्लग होतील. इंजिनाच्या पोटात चांगलं घालायचंच असेल तर ते ऑइलच्या झाकणातून घाला. अण्णांची इच्छाही पूर्ण होईल.

उरलेलं ॲव्हरेज कुठे गेलं ते शोधायचं तर आधी नीट मोजा. स्क्रीनवर दिसणारा आकडा अंदाजाचा असतो. एका पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा, त्यावर राउंड फिगरसाठी आणखी कोंबू नका, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच फुल करा आणि फिरलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरांनी भागा. शाळेत गणित शिकवत असाल तर मुलांना गृहपाठ म्हणून द्या. तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. एका टाकीवरून कुणाशी वाद घालू नका. कळवणची फेरी ज्या टाकीत आली तिचा आकडा शहरातल्यापेक्षा चांगला येणारच. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर जे खोदून ठेवलंय आणि द्वारका चौकात जो वेळ जातो, त्यात गाडी जागेवर उभी राहून पेट्रोल पिते. त्याचा दोष पेट्रोलवर टाकता येत नाही.

टायरची हवा बघा. ड्रायव्हरच्या दारापाशी चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. ती सकाळी, टायर गार असताना भरा. पंपावर हवा फुकट आहे, तो तुमचा हक्क आहे. धुळीने एअर फिल्टर भरला असेल तर बदला. माझ्या मते हरवलेल्या किलोमीटरपैकी निम्मा इथेच सापडेल. गाडी ई-१० काळातली असल्याने पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या रबरी नळ्या, सील आणि फ्युएल पंप यांच्याकडे मुद्दाम बघायला सांगा. गाडीजवळ पेट्रोलचा वास येऊ लागला तर सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

दिरांची गोष्ट वेगळी. टर्बो, त्यातही थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणारं इंजिन असेल, तर ९५ चा आग्रह चुकीचा म्हणता येणार नाही. त्यांच्या झाकणावर ९५ लिहिलं असेल तर ९५च टाकावं, विषय संपला. ‘किमान ९१, शिफारस ९५’ असं काही असेल तर कसारा घाटात, उन्हाळ्यात, भरल्या गाडीने ॲक्सिलरेटर दाबल्यावर त्यांना थोडा फरक जाणवू शकतो. गंगापूर रोडच्या सिग्नलला जाणवणार नाही. ई-२० चं ऑक्टेन पाहता त्यांचाही फायदा पूर्वीइतका राहिलेला नाही, पण हे तुम्ही जेवणाच्या टेबलावर सांगू नका. गाडी नवीन आहे, त्यांना मजा घेऊ द्या.

प्रीमियमच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यात साफसफाई करणारी रसायनं घातलेली असतात, इंजेक्टर आणि व्हॉल्ववर थर साचू नये म्हणून. हा फायदा खोटा नाही. तुमच्या इंजिनात पेट्रोलचा फवारा व्हॉल्वच्या मागून येतो, म्हणजे ते आपोआप धुतलेही जातात. त्यामुळे तुम्हाला त्याची गरज कमी. मनाच्या समाधानासाठी सहा महिन्यांतून एखादी टाकी प्रीमियमची टाकलीत तर मी नाक मुरडणार नाही. अण्णांच्या वाढदिवसाला टाका.

पंपाबद्दल थोडंसं. नाशिकच्या पंपांवर येणारं पेट्रोल बरंचसं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून निघतं. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध टँकरचालकांनी चाकं थांबवली आणि शहरात पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा पानेवाडी कुठे आहे ते सगळ्यांना कळलं. सरकारी कंपन्या एकमेकींच्या डेपोंतूनही माल घेतात, म्हणून साध्या पेट्रोलात या कंपनीचं चांगलं नि त्या कंपनीचं वाईट हा वाद मला फारसा पटत नाही. पंप नीट सांभाळलेला आहे का, ते बघायचं. जिथे गर्दी असते आणि माल पडून राहत नाही तिथे भरा. पावसाळ्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं तर ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. शंका आली तर फिल्टर पेपर मागा : पेट्रोलचा एक थेंब टाकला की तो उडून जावा आणि डाग उरू नये. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप पंपावर असतं, त्यात मोजून दाखवायला सांगा. आणि मशीनवर शून्य बघितल्याशिवाय नोझल टाकीत जाऊ देऊ नका, मागे कितीही हॉर्न वाजले तरी.

तो मुलगा ‘पॉवर?’ विचारतो म्हणून त्याच्यावर चिडू नका. प्रीमियम खपवायला त्याला वरून सांगितलेलं असतं. मात्र तुम्ही ‘साधं’ म्हटल्यावरही त्याने दुसरं नोझल उचललं तर तिथल्या तिथे थांबवा. त्यासाठी एक सोपी सवय : गाडीत बसून खिडकीतून ‘दोन हजारचं टाक’ म्हणू नका. खाली उतरा, मशीनपाशी उभ्या राहा आणि ‘साधं, दोन हजारचं’ असं पूर्ण बोला.

शेवटचा तुमचा प्रश्न, एकदम बदललं तर? काही होत नाही. टाकीत अर्धं प्रीमियम असताना वर साधं भरलं तर मधल्या ऑक्टेनचं मिश्रण होतं, बास. टाकी रिकामी करायची गरज नाही, उलट लाल दिवा लागेपर्यंत गाडी पळवू नका. फ्युएल पंप पेट्रोलात बुडालेला असतो आणि त्यानेच गार राहतो. आधीचं प्रीमियम संपायची वाट न बघता उद्याच साधं भरा. त्याच वेळी ट्रिप मीटर शून्यावर आणा, हवा भरून घ्या, आणि तीन-चार टाक्यांचा हिशोब झाला की आकडे मला कळवा. तेव्हाही सोळाच्या खालीच असेल, तर क्लच घसरत नाही ना आणि ब्रेक चाकं धरून ठेवत नाहीत ना, ते बघू.